एम्युलेटरमध्ये उतरणारी बॅटरी

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेली काही वर्षं वाचते आहे, पण लिहायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. माझा या गोष्टींवर विश्वास नाही असं म्हणणंही तसं मोठेपणाचं होईल. खरं सांगायचं तर विश्वास ठेवायला किंवा न ठेवायला मला कधी फुरसतच मिळाली नाही. घरात अंथरुणाला खिळलेली आई आणि पुण्याच्या कंपनीचं काम यात दिवस कुठे जातो ते कळत नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की भूत आलं काय आणि गेलं काय...

तर आधी जागा सांगते. रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला आमचा फ्लॅट आहे. दुसरा मजला. हॉलमध्ये आईची कॉट, आतल्या खोलीत माझं टेबल. आईला पक्षाघात झाल्यावर मी पुण्याची नोकरी सोडायला निघाले होते, तेव्हा साहेब म्हणाले सोडू नकोस, घरून कर. म्हणून मी इथे आहे. खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण सुक्या मासळीचा वास येतो आणि बोटींची इंजिनं ऐकू येतात.

माझं काम थोडं समजावून सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची कंपनी मासेमारीच्या बोटींसाठी एक पेटी तयार करते आहे. संकटात बटण दाबलं की किनाऱ्यावर संदेश जावा, अशी. त्या पेटीत एक सर्किट बोर्ड असतो, आणि बोर्डाला वीज मिळाली की सगळ्यात आधी एक छोटासा प्रोग्राम जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो उठतो, बॅटरी किती आहे बघतो, मागच्या वेळी आपण का बंद पडलो होतो ते बघतो, आपला सिरियल नंबर सांगतो, आणि सगळं ठीक असेल तर मुख्य प्रोग्रामला उठवतो. घरात सगळ्यांच्या आधी उठून गॅस पेटवणारं माणूस असतं ना, तसा. तो बूटलोडर मी लिहिते.

आता दर वेळी खरा बोर्ड हाताशी नसतो. म्हणून लॅपटॉपवरच बोर्डाची नक्कल चालवायची, तिला एम्युलेटर म्हणतात. कोड बदलायचा, बिल्ड करायचा म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्राम बनवायचा, तो एम्युलेटरमध्ये चालवायचा, काळ्या खिडकीत ओळी उमटतात त्या वाचायच्या, पुन्हा बदलायचा. दिवसभर हेच. त्या नकलेला बॅटरी नसते, त्यामुळे बॅटरीच्या ओळीत शून्य येतं. सिरियल नंबरच्या जागीही नुसती शून्यं. कारण तिथे काही नसतंच! तो सगळा खेळ लॅपटॉपच्या आतला. बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध नाही.

आईचं बघायला सुनंदा येते. सकाळी येते, संध्याकाळी जाते. ती आहे म्हणून मी उभी आहे, एवढंच सांगते. तिचा नवरा प्रकाश एका मासेमारीच्या बोटीवर तांडेल आहे, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस. बोट त्याची नाही, सुभाषशेट म्हणून मिरकरवाड्यातले एक नाखवा, म्हणजे बोटमालक, आहेत त्यांची. आमच्या पेटीचं खोकं खाऱ्या हवेत आणि इंजिनाच्या धक्क्यात टिकतं का ते बघायचं होतं, तेव्हा मी सुनंदाच्या हातूनच एक नमुना प्रकाशकडे दिला. त्यात बोर्ड होता, पण संदेश पाठवणारा भाग अजून बसवलेला नव्हता. नुसती बोटीच्या बॅटरीला जोडून ठेवायची आणि काही फेऱ्यांनी परत आणायची, एवढंच.

दिवाळी होऊन गेली होती. हवेत गारवा नव्हता अजून, दुपारी अंगाला चिकचिक होत होती. ज्या दिवसाचं सांगते आहे, त्याच्या आदल्या दिवशी प्रकाश समुद्रात गेला होता. आईला रात्रभर खोकला होता, त्यामुळे मला झोप नाही. सकाळी वीज गेली, इन्व्हर्टरवर काम चाललं, मग कंपनीचा कॉल. केदार म्हणून माझा सहकारी आहे, त्याला बिल्ड संध्याकाळपर्यंत हवा होता. मी हो म्हणाले. नाही म्हणायलाही ताकद लागते.

दुपारची जेवणं झाली. सुनंदा आईला कुशीवर वळवत होती, तिचा आवाज येत होता – "हां, आता हात सोडा आई, मी धरलाय." मी बिल्ड संपवला आणि एम्युलेटर चालू केला.

ओळी आल्या. मी चहाचा कप उचलत वाचत होते. बॅटरीच्या ओळीत आकडा होता.

मला आधी काहीच वाटलं नाही. दमलेल्या माणसाला आश्चर्य वाटायलाही वेळ लागतो. मग लक्षात आलं, शून्य असायला हवं होतं. तिथे बारा व्होल्टच्या बॅटरीचा आकडा होता, जरा उतरलेल्या बॅटरीचा. मी बघत असतानाच एम्युलेटर रिसेट झाला, पुन्हा पहिल्यापासून ओळी आल्या. रिसेटचं कारण लिहिलेलं – वीज अचानक खाली गेली. आकडा आधीपेक्षा कमी.

कोडमध्ये माझंच काहीतरी चुकलं असणार. मेमरीचा जो भाग आपण साफ करत नाही त्यात काहीबाही कचरा पडलेला असतो, तो असा आकडा होऊन दिसतो. हे आमच्या धंद्यात रोजचं आहे. मी सगळं पुसून पुन्हा बिल्ड केला. चालवला. तेच. लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफाय काढलं. जुना, महिन्यापूर्वीचा चांगला चाललेला बिल्ड काढून चालवला. तोही तेच दाखवायला लागला! वीज खाली गेली, रिसेट, आकडा कमी. पुन्हा रिसेट.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली, ती सांगते. प्रोग्राम चुकून स्वतःभोवती फिरायला लागला की तो ठरावीक लयीत फिरतो. घड्याळासारखा. हे तसं नव्हतं. दोन रिसेट लागोपाठ, मग बराच वेळ काही नाही, मग एक, मग पुन्हा लांबलचक शांतता... कोणीतरी दम खावा, आणि पुन्हा प्रयत्न करावा, असं.

मग मी सिरियल नंबरची ओळ वाचली. इतका वेळ नजर तिच्यावरून जात होती, पण वाचलीच नव्हती. तिथे शून्यं नव्हती. नंबर ओळखीचा वाटला म्हणून मी तपासला. प्रकाशच्या बोटीवर दिलेल्या पेटीचा होता.

मी मोबाईलने स्क्रीनचा एक फोटो काढला. फोटो जरा अस्पष्ट आहे, पण नंबर वाचता येतो. तेवढ्यात अजून एक रिसेट झाला, आकडा आणखी खाली, आणि त्यानंतर ओळ अर्धीच उमटून थांबली. पुढे काही आलं नाही. मी वाट बघत बसले. नुसता कर्सर.

मी उठून हॉलमध्ये गेले. सुनंदा आईचे केस विंचरत होती.

"सुनंदा, प्रकाशकडे ती पेटी दिली होती, ती बोटीवरच आहे ना?"

"व्हय तर. केबिनमध्ये ठेवलीय म्हणाले."

"फोन आला होता का त्याचा?"

"आता कसला येतोय? जयगडच्या पुढे गेले की रेंज नाय. परवा येतील." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "काय झाला ताई? बरा वाटत नाय काय?"

मी "काही नाही" म्हणाले आणि आत आले. आणि खुर्चीत बसून राहिले. खरं सांगते, त्या वेळी मला भीती वाटत नव्हती, कंटाळा वाटत होता. हे आता कोणाला सांगायचं, कसं सांगायचं, कोणाच्या शिव्या खायच्या... न सांगितलं तर बिल्ड पाठवून थोडं पडता आलं असतं. केदारला फोन केला तर तो म्हणाला असता, अगं झोप काढ. आणि त्याचं बरोबरच झालं असतं. दुसऱ्या कोणी मला असं सांगितलं असतं तर मीही तेच म्हणाले असते.

पण ती अर्धी ओळ स्क्रीनवर तशीच होती.

मी सुभाषशेटना फोन लावला. ते बंदरावरच होते, मागे लिलावाचा आरडाओरडा चालला होता.

"काका, प्रकाशच्या बोटीशी वायरलेसवर बोलणं होईल का?"

"कशाला गो?"

"त्यांची बॅटरी उतरतेय असं वाटतंय."

"तुला घरात बसून कसा कळला?"

इथे मी अडखळले. मग म्हणाले, "कंप्युटरवर दिसतंय."

"त्या पेटीवरून काय?"

मी "हो" म्हणाले. खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

ते मग म्हणाले, थांब. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. आवाज बदललेला. वायरलेसला बोट उत्तर देत नव्हती. सकाळी बोलणं झालं होतं. आता दुसऱ्या बोटींनीही हाक मारून बघितली, काही नाही. वायरलेस बोटीच्या बॅटरीवरच चालतो, म्हणजे... हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

"वारा नाय, काय नाय. असा कसा होईल?" ते स्वतःशीच म्हणाले. "त्याच्या जवळ माझ्या मेव्हण्याची बोट आहे. तिला वळवतो. पण बघ हां पोरी, तिने जाळी टाकलीत. ती उचलून जायचा म्हणजे आजचा दिवस गेला त्यांचा. तुझी खात्री आहे ना?"

खात्री! कशाची खात्री असणार मला? आईच्या कॉटचा आवाज आला, सुनंदा तिला बसतं करत होती.

"वळवा काका," मी म्हणाले.

वळून बघितलं तर सुनंदा दारात उभी. तिने किती ऐकलं होतं माहीत नाही. ती हॉलमध्ये गेली, आईच्या उशाशी बसली आणि आईचा लुळा हात दोन्ही हातांत धरून बसून राहिली. मीही जाऊन खाली जमिनीवर बसले. आईला काय समजलं देव जाणे, पण ती एरवी त्या वेळी किरकिर करते, ती केली नाही. आम्ही तिघी तशाच बसलो होतो. चहा कोणी केला नाही. केदारचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत.

दिवेलागणीला सुभाषशेटचा फोन आला. मी फोन सरळ सुनंदाच्या हातात दिला. तिने ऐकलं, "व्हय... व्हय" केलं, आणि फोन मला परत देऊन स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ नळ चालू होता.

बोट सापडली होती. समुद्राचं पाणी इंजिन थंड करायला आत घेतात, तो पाइप फुटून तळात पाणी भरलं होतं. कोणाच्या लक्षात येईपर्यंत बॅटऱ्या पाण्यात. इंजिन बंद, पंप बंद, वायरलेस बंद. सगळे खलाशी बादल्यांनी पाणी उपसत होते, आणि बोट प्रवाहाबरोबर बाहेर चालली होती. मेव्हण्याची बोट पोचली तेव्हा पाणी उपसणाऱ्यांपेक्षा पुढे गेलं होतं. एका खलाशाच्या हाताचं बोट इंजिनाखाली चेंगरलं, ते पुढे काढावं लागलं. बाकी सगळे धड. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरखंड लावून बोट बंदरात आणली.

हे एवढंच असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं. योगायोग म्हणून सोडून दिलं असतं, किंवा सोडायचा प्रयत्न केला असता.

दोन दिवसांनी प्रकाश घरी आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती पेटी होती. प्रकाश मुळात कमी बोलणारा. हॉलमध्ये आईच्या पाया पडला, सुनंदा पोहे करायला आत गेली, तेव्हा तो माझ्या टेबलापाशी आला आणि पेटी ठेवून हळू म्हणाला,

"ताई, एक सांगायचा होता. शेट सगळ्यांना सांगत सुटलेत, पेटीने वाचवला म्हणून. मी काय बोललो नाय."

"काय झालं?"

"मी ती जोडलीच नव्हती. वायर पुरत नव्हती. म्हटला, पुढच्या फेरीला लांब वायर घेऊन जोडू. नुसती केबिनमध्ये खिळ्याला टांगून ठेवली होती."

मी पेटी उघडली. वायरचं टोक जसं कंपनीतून आलं होतं तसंच, त्यावरची टोपीसुद्धा काढलेली नव्हती. बोर्ड कोरडा. नंतर मी तो जोडून तपासला. बोर्ड किती वेळा चालू झाला त्याची नोंद बूटलोडर आतल्या मेमरीत ठेवतो. पुण्यात तपासणीला चालवला होता तेवढीच नोंद होती. त्यानंतर तो बोर्ड एकदाही जागा झालेला नव्हता.

दोन दिवस मला वाटत होतं, कोडं एवढंच आहे की संदेश पाठवणारा भाग नसताना संदेश आला कसा. आता तर पाठवणाराच झोपलेला होता.

"प्रकाश," मी तेव्हा त्याला म्हणाले, "ती जोडली असती तरी संदेश येणार नव्हता. तो भाग बसवलेलाच नाही."

त्याने वायरची टोपी बोटाने चाचपली. स्वयंपाकघरात सुनंदा मोहरी तडतडवत होती.

"मग तुमाला कोनी सांगितला?"

मी त्याला लॅपटॉपवरचं सगळं सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत. आकडा कसा उतरत गेला, मधे मधे कसं थांबत होतं. तो ऐकत होता. थांबण्याचं सांगितलं तेव्हा त्याने मान वर केली.

"मी सेल मारत होतो," तो म्हणाला. "इंजिन घेईल म्हणून. दोनदा मारला, मग थांबलो, बॅटरीला जरा दम देऊ म्हटला. मग परत. दर टायमाला मीटरचा काटा आधीच्यापेक्षा खाली. शेवटच्याला अर्धाच आवाज झाला नि गेला."

तेवढ्यात पोहे आले. त्याने खाल्ले, पाणी प्यायला आणि जाताना दारात म्हणाला, "हिला नको सांगू आपन. तिला वाटतोय मशीन हाय पाठीशी. वाटू दे." मी त्याला म्हटलं की तसं करता येणार नाही. समुद्रात माणसं त्या पेटीवर भरवसा ठेवून जातील आणि पेटी काहीच करणार नाही. तो विचार करून म्हणाला, "ता पन खरा."

म्हणून मी सांगितलं. सुनंदाला सांगितलं, सुभाषशेटना सांगितलं, त्यांनी बोलावलेल्या बाकीच्या नाखवांनाही बंदरावर जाऊन सांगितलं – ही पेटी अजून अर्धी आहे, तिने काहीही पाठवलेलं नाही, हिच्यावर विसंबू नका. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकाने विचारलं, "आमाला कधी मिळेल?" माझा नम्रपणा वाटला त्यांना.

केदारला मी तो फोटो पाठवला. त्याने सभ्यपणे उत्तर दिलं. म्हणाला, त्या पेटीचा प्रोग्राम तूच या लॅपटॉपवर तयार केला होतास, नंबर कुठल्यातरी फाईलमध्ये राहिला असेल. बॅटरीचा आकडा म्हणजे मेमरीतला कचरा. आणि तू झोपली नव्हतीस. यातलं एकही मला खोडता येत नाही. नंबर राहिलाही असेल. कचरा असा ओळीने उतरत जातो का? जातही असेल. पण जुना बिल्ड तर तो नंबर अस्तित्वातही नव्हता तेव्हाचा होता. त्यावर तो म्हणाला, तू चुकून नवाच चालवला असशील. असेनही. मी परत परत तसंच करून बघितलं आहे, कामाचा वेळ घालवून. पुन्हा कधीच काही आलं नाही.

मला कोणी देवाचं नाव सुचवलं, कोणी आईच्या पुण्याईचं. सुनंदाच्या सासूने आमच्याकडे ओटीचा नारळ पाठवला, तो कोणासाठी ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आम्ही तो फोडून चटणी केली. याचं उत्तर शोधायची उमेद माझ्यात उरलेली नाही. आईचं, कामाचं, सगळं आधीसारखंच चालू आहे.

फक्त एक झालं आहे. प्रकाश समुद्रात असला की सुनंदा दुपारी पदराला हात पुसत माझ्या खोलीच्या दारात येते. मी सांगून दमले की लॅपटॉपवर बोटीचं काही कळत नाही. ती ऐकते, मान हलवते, आणि तरी विचारते,

"काय म्हणतोय?"

"काही नाही म्हणत," मी सांगते.

"बरा," ती म्हणते आणि निवांतपणे आईकडे जाते. मग मी काम थांबवून त्या काळ्या खिडकीकडे बघत बसते... ते काही न म्हणणं चांगलं की वाईट, हे मला कुठे माहीत आहे?